उंबरा नसलेलं न्हाणीघर

क्लेअरटन, पेनसिल्व्हेनिया
९ सप्टेंबर

प्रिय सिरिल,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. अक्षर ओळखून पाकीट न उघडताच फेकलं नसशील असं धरून पुढे लिहितो.

मी बरा आहे. तूही बरा असशील. यंदा टोमॅटो इतके आले की निम्मे मी शेजाऱ्यांच्या पायरीवर ठेवून पळून आलो. आता मी गल्लीत दिसलो की लोक दार लावून घेतात. गुरुवारी चर्चच्या तळघरात पिरोगी करायला जातो. माझे पिरोगी उकळताना करंजीसारखे फुटतात आणि आतलं बटाट्याचं सारण पाण्यात जातं, म्हणून मला बटाटे सोलायला बसवलंय. आपली मामेबहीण डोलोरेस तिथली मुकादम आहे. नात्यातला म्हणून काडीची सूट नाही, साल जाड निघाली की सगळ्यांसमोर उचलून दाखवते.

पत्र लिहायचं कारण कामाचं आहे. मी तळघरात न्हाणीघर करतोय. माझे गुडघे गेले. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमला तेरा पायऱ्या आहेत आणि हल्ली मी त्या बसत बसत उतरतो. तळघरात बाबांचा कमोड आहेच, तसाच मधोमध उघडा, ना भिंत ना पडदा. बाबा कारखान्यातली पाळी संपवून गल्लीकडच्या दाराने आत यायचे, तिथेच हातपाय धुवायचे, तिथेच बसायचे आणि बसल्या बसल्या आपल्या दोघांचा अभ्यास घ्यायचे. या खोऱ्यात कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. पण तिथे शॉवर नाही, बेसिन नाही. म्हणून फरशी फोडून नवी लाइन टाकायची आणि चार भिंती उभ्या करायच्या असं ठरवलंय.

तू हसशील. हस. चौतीस वर्षं मी कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्यांवर पाइपफिटर होतो. वाफ नेली, गॅस नेला, उकळतं डांबर नेलं. आंघोळीचं पाणी काय मोठं? अडलंय ते एकाच जागी. ते व्हेंट पाइपाचं काय असतं? सांडपाण्याच्या पाइपाला वर आभाळाकडे तोंड उघडं ठेवायचं म्हणे. आमच्याकडे पाइपाला असं भोक सापडलं तर भोंगा वाजायचा आणि सगळे पळत सुटायचे. ते भोक नेमकं कुठे ठेवायचं आणि जुन्या मोठ्या पाइपाला कुठे जोडायचं, तेवढं सांग. चर्चच्या पत्रकामागे नकाशा काढलाय, सोबत आहे.

पाइप विकत आणावे लागले नाहीत. पूर्वेच्या भिंतीशी होते. तुला ठाऊकच आहे.

उत्तर दिलंस तर बरं होईल. नाही दिलंस तर निदान नकाशा परत पाठव, एकच आहे.

एमिल


क्लेअरटन
३ ऑक्टोबर

प्रिय सिरिल,

दोन आठवडे तुझी वाट पाहिली, मग म्हटलं आपल्याला काय येत नाही? काँक्रीट फोडायचं मशीन भाड्याने आणलं आणि बाबांची फरशी फोडली. पहिला घाव घालताना हात थांबला, खोटं कशाला सांगू. ती फरशी त्यांनी स्वतः ओतलेली. ती ओली असताना तू चपलांसकट तीत रुतून बसला होतास, आठवतं का? ती पावलं दाराजवळ आहेत. तेवढा तुकडा मी सोडलाय.

धूळ इतकी झाली की टोमॅटोच्या बरण्या दोनदा पुसल्या. पण चर सरळ खणला, पाइप टाकले, सांधे चिकटवले आणि पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा दोन रेघांच्या अगदी मध्ये. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसाचाही फरक नाही. मी त्याचा फोटोसुद्धा काढला, मग लक्षात आलं की दाखवायला कोणी नाही.

मंगळवारी काउंटीच्या इन्स्पेक्टर आल्या. टेरी ब्रॉडनॅक्स नावाच्या बाई आहेत, चाळिशीच्या, गुडघ्यांना रबरी पट्टे बांधून चरात सरळ उतरतात. त्यांनी पाइपावर हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“काका, हे कोणी टाकलं?”

“मी. चौतीस वर्षांचा अनुभव आहे.”

“कशाचा?”

“वाफेचा.”

“तरीच!” त्या इतक्या हसल्या की चरातच बसल्या. “अहो, वाफेला मागून बॉयलर ढकलतो. आंघोळीच्या पाण्याला मागून कोण ढकलणार, तुम्ही? फुटाला पाव इंच ढाळ द्यायचा असतो. बादली आणा.”

बादली आणली. त्यांनी पाणी ओतलं, पाणी पाइपात गेलं आणि तिथेच निवांत पडून राहिलं.

“हा पाइप नाही, तळं आहे. बदकं सोडा आता,” त्या म्हणाल्या. मग शॉवरच्या जागी बोट दाखवून विचारलं, “आणि इथे व्हेंट कुठे आहे? पाणी खाली जायचं तर मागून हवा नको? नाहीतर ते ट्रॅपच्या वाकड्या नळीत वास अडवायला साठलेलं पाणी ओढून नेईल आणि गटाराचा वास घरभर होईल. घरात कोणी प्लंबर नाही का तुमच्या?”

“आहे. धाकटा भाऊ.”

“मग?”

“तो ईरीला असतो.”

“ईरी काय चंद्रावर आहे?”

मी रिकामी बादली उचलली. नापासाचा लाल कागद चिकटवून बाई गेल्या. मी वर आलो तर टपालात तुझं पाकीट.

नकाशा माझाच, वर तुझी लाल पेन्सिल. ढाळ कुठून कुठे, व्हेंट कुठून उचलायचा, जुन्या पाइपाला माळ्यात कुठे जोडायचा, सगळं. पत्र नाही, मायना नाही, फक्त कोपऱ्यात सहा शब्द: “उंबरा नाही. दार तीन फूट. कोणासाठी?” नऊ वर्षांनी सहा शब्द, पण मी ते उभ्या उभ्या चार वेळा वाचले. एक दिवस आधी आले असते तर त्या बाईंसमोर माझी लाज राहिली असती, पण ते असो.

व्हेंटवरून एक आठवलं. आई वर टबातलं पाणी सोडायची आणि खाली बाबांचा कमोड गुडगुडायचा. तू म्हणायचास, आई बोलावतेय. आता कळलं की तिथेही व्हेंट नव्हता, बिचारा कमोड हवा मागत होता. आता टब रिकामा करणारा मीच आणि खाली जाऊन ऐकणाराही मीच. एकाच वेळी दोन्हीकडे जमत नाही. त्यामुळे कित्येक वर्षांत ती गुडगुड कोणी ऐकलेली नाही.

तू विचारलंस, कोणासाठी. सांगितलं ना, माझ्या गुडघ्यांसाठी. उंबरा ओलांडायला त्रास होतो.

सगळं उखडून परत टाकतो.

एमिल


क्लेअरटन
३० ऑक्टोबर

प्रिय सिरिल,

तुझं पार्सल मिळालं. याही वेळी चिठ्ठी नाही. दोन फुटांची तुझी जुनी पाणसळ, तिच्या एका टोकाला खाली चिकटपट्टीने बांधलेला अर्ध्या इंचाचा लाकडी ठोकळा. आधी वाटलं तू चेष्टा करतोयस. मग पाइपावर ठेवली तेव्हा डोक्यात उजेड पडला. ठोकळा उताराच्या बाजूला धरायचा, मग बुडबुडा मध्ये आला की ढाळ बरोबर. ती चिकटपट्टी हाताच्या मळाने काळी झालीय. किती घरांतून फिरलीय ती, सिरिल? मी तुझं काम कधी पाहायलाच आलो नाही. तू प्लंबर झालास तेव्हा मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं, आमचा धाकटा लोकांचे संडास धुतो. तुला ते कळलं होतं, हेही मला ठाऊक आहे.

पाइप परत टाकले. काल ब्रॉडनॅक्सबाई चाचणीला आल्या. खालचं तोंड रबरी फुग्याने बंद केलं, व्हेंटच्या पाइपातून वरपर्यंत पाणी भरलं आणि बाईंनी पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण केली. पंधरा मिनिटं पाणी त्या खुणेवरून हलता कामा नये. आम्ही दोघं उलट्या बादल्यांवर बसलो. मी कॉफी दिली.

“एकटेच राहता?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग इतकं रुंद दार कशाला? हे चाकाच्या खुर्चीचं माप आहे. शॉवरलाही उंबरा नाही. तुम्ही तर चांगले चालता, नुसते कण्हत चालता.”

मी म्हणालो, “भावासाठी.”

“ईरीवाल्या? कधी येणार?”

“त्याला अजून विचारलं नाही.”

“अरे देवा! आधी फरशी फोडली आणि मग विचारणार?” त्या म्हणाल्या. “आमच्या घरातले पुरुषही असेच.”

तर आता तुला सांगतो, जे परक्या बाईला आधी सांगून बसलो. डोलोरेसने मला मे महिन्यात सांगितलं, बटाटे सोलता सोलता. साखरेच्या आजारामुळे तुझं डावं पाऊल कापावं लागलं. तुझी मार्लीन वारल्यापासून तू दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोल्यांत एकटा आहेस आणि शेजारीण पाव-दूध आणून दारात ठेवते. ती गेली तेव्हा मी नुसतं सांत्वनाचं कार्ड पाठवलं. यायला हवं होतं. डोलोरेसने हे सांगितलं तेव्हा मी अर्धा बटाटा हातात घेऊन बसलो, आणि त्या दिवशी तिने माझी एकही साल उचलून दाखवली नाही.

गल्लीकडचं दार जमिनीलगत आहे, एकही पायरी नाही. मागची खोली कोरडी आहे, खिडकीतून नदी दिसते. हे सगळं मी तुला सांगायला हवं असं नाही, कारण ही युक्ती तुझीच. दहा वर्षांपूर्वी ईस्टरनंतरच्या शनिवारी तू गाडी भरून पाइप घेऊन आलास आणि म्हणालास, आईची खाट खाली हलवू, तिथेच न्हाणीघर करू, तिला जिना चढायला नको. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. “आई काय बटाटा आहे, तळघरात ठेवायला?” आणि तिच्यासमोर म्हणालो. तू पाइप भिंतीशी लावलेस, “अक्कल आली की वापर” म्हणालास आणि जेवण न करता गेलास.

अक्कल आली. पण तू या घरात येण्याआधी तुला एक गोष्ट माहीत असायला हवी. ती ऐकून मग ठरव.

पुढच्या वर्षी आई जिन्यावरून पडली, तो ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार होता. मी सगळ्यांना सांगितलं की मी तळघरात होतो, आवाज ऐकून मिनिटभरात वर धावलो. अंत्यविधीनंतरच्या जेवणात, सगळा हॉल भरलेला असताना, मी तुला म्हणालो, “मी घरात होतो. तू कुठे होतास?” तू ताट ठेवलंस आणि निघून गेलास. ते आपलं शेवटचं बोलणं.

सिरिल, मी घरात नव्हतो.

उपासाला मांस चालत नाही म्हणून सगळं गाव ज्या माशांसाठी रांग लावतं, ते मासे मी चर्चमध्ये तळत होतो. तीन वाजेपर्यंत येतो असं आईला सांगून गेलो होतो. पण त्या दिवशी गर्दी दारापर्यंत गेली होती, आणि लोक माझ्या तळणीचं कौतुक करत होते. पीठ कसं भिजवतोस, तेल किती तापवतोस, विचारत होते. मला ते आवडलं. भट्ट्या सोडल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी साडेपाचला आलो, तिच्यासाठी ताट घेऊन, वरून कागद लावून, गरम. ती जिन्याच्या पायथ्याशी होती. समोरच्या खोलीत टीव्ही चालू होता. तिने सांगितलं की तिची मालिका नुकतीच लागली होती तेव्हा ती वर निघाली. मालिका तीनला लागायची. म्हणजे अडीच तास.

ती रडत नव्हती. “ताट खाली ठेव, गार होईल,” म्हणाली. दवाखान्यात नर्सने विचारलं तर माझ्याआधी तीच बोलली, “माझा एमिल घरातच होता, तळघरात.” मी नाही म्हणालो नाही. ती जाईपर्यंतच्या अकरा दिवसांत एकदाही नाही, आणि नंतर तर ते माझंच वाक्य झालं.

तेव्हापासून मी मासे तळायला गेलेलो नाही. लोकांना वाटतं, गुडघे.

काल पंधरा मिनिटं झाली, पाणी खुणेवरून हललं नाही. बाईंनी हिरवा कागद लावला आणि म्हणाल्या, “आता तुम्ही अर्धे प्लंबर झालात.” मी हसलो, पण त्या बादलीवरून वरच्या उघड्या दारातून तोच जिना दिसतो आणि माझं सगळं लक्ष तिथे होतं.

आता तू नाही म्हणालास तरी मला कारण विचारायचा हक्क नाही.

एमिल


क्लेअरटन
२१ नोव्हेंबर

प्रिय सिरिल,

दोन आठवडे मी रोज टपालवाल्याच्या आधी पेटीशी जाऊन उभा राहिलो. त्याला वाटलं मला पेन्शनची काळजी आहे. शनिवारी तुझं उत्तर आलं, हार्डवेअरच्या दुकानाच्या पावतीमागे, लाल पेन्सिलीने. ते मी स्वयंपाकघरात लावलंय. तुझंच तुला लिहून दाखवतो, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तू तपास.

“एमिल, तू मासे तळत होतास हे मला त्या जेवणातच कळलं होतं. तू बोलायच्या आधीच सहा जणांनी येऊन सांगितलं. त्या शुक्रवारी मासे फार छान झाले होते म्हणाले. तू मला कधी सांगतोस याची वाट पाहत होतो. कमोड बसवू नकोस, वाकडा बसवशील. सिरिल.”

सहा जणांनी. अरे, चर्चच्या अख्ख्या पॅरिशला मी माझ्या हाताने ताटं वाढली आणि त्यांच्याचसमोर उभा राहून सांगितलं की मी घरात होतो! इतकं साधं गणित मला नऊ वर्षांत सुचलं नाही. मी तुझ्यावर ओरडलो तेव्हा त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दर गुरुवारी मी त्यांच्यामध्ये बसून बटाटे सोलतो आणि त्यांना ठाऊक असतं. डोलोरेसला ठाऊक होतं. परवा मी तिला विचारलं, “मला कधी बोलली का नाहीस?” ती पिठाचे हात पुसत म्हणाली, “तू आधी सिरिलला सांगायला हवं होतंस, मला नव्हे.” आणि परत माझ्या बटाट्याची साल उचलून दाखवली.

तू माझ्या तोंडावर ते सांगू शकला असतास, सिरिल. सगळ्यांसमोर. मला तेवढं मिळायलाच हवं होतं. तू ताट ठेवून गेलास. मी नऊ वर्षं समजत होतो की तू लाजेने गेलास. तू मला वाचवून गेलास. मला तुझी माफी मागायची आहे आणि ती पत्रात मागता येत नाही, म्हणून इथेच थांबतो.

कामाचं सांगतो. चर बुजवला, काँक्रीट ओतलं. भिंती उभ्या राहिल्या, फरशा लागल्या. शॉवरची जमीन मोरीकडे उतरती केली, तुझाच ठोकळा लावून. बाबांचा जुना कमोड काढला आणि त्याची लाइन बंद केली. काढताना जरा वाईट वाटलं, मग वाटलं, त्यांनी आयुष्यात एकदा तरी भिंत मागितली असती तर बरं झालं असतं. व्हेंट माळ्यात जोडलाय. काल वरचा टब भरून सोडला आणि जमेल तितक्या लवकर बसत बसत खाली आलो. गुडगुड नाही. अगदी शांत. काम चोख झालं म्हणून आनंद व्हायला हवा होता.

तुझी मागची खोली तयार आहे. खाट मी उंच करून घेतलीय. तुझी ती पावलं दाराशीच आहेत, आत येताना आधी तीच लागतील. तळघरात ठेवतोय म्हणून रागावू नकोस, तू बटाटा नाहीस हे मला आता समजतं. तुझा जेवणाचा पथ्याचा कागद पाठव. पिरोगी चालतात का ते आधी विचारून घे, कारण नाही म्हणाला डॉक्टर तर डोलोरेस त्याला भेटायला जाईल.

नवा कमोड खोक्यातच आहे. त्याच्या बुडाखाली बसवायची मेणाची रिंग वर ठेवलीय, हात लावलेला नाही. “वाकडा बसवशील” याचा तुम्हा प्लंबर लोकांत काय अर्थ होतो? मी त्याचा एक अर्थ लावलाय आणि तो चुकीचा असेल तर लवकर कळव, कारण मी टॉवेल दोन आणलेत.

न्हाणीच्या ट्रॅपमध्ये मी रोज तांब्याभर पाणी ओततो. ब्रॉडनॅक्सबाई म्हणाल्या, वापर नसला की ट्रॅप सुकतो आणि वास वर येतो. आठवड्यातून एकदा पुरे, पण मी रोज सकाळी ओततो. खाली जायला तेवढंच निमित्त.

दिवस कळवायची गरज नाही. गल्लीकडच्या दाराला कडी लावत नाही. कधीही ये.

मी घरात आहे. शुक्रवारीसुद्धा.

तुझा भाऊ,
एमिल